‘हे कशावरून?’ : अवकाशाची चित्रं काढताना

एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी दहावीत आहे, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळाली आहे. वह्यांची मागची पानं ग्रहांनी, यानांनी आणि परग्रहावरच्या प्राण्यांनी भरलेली असतात. घरातले म्हणतात, सायन्स घे, चित्रकला छंद म्हणून ठेव. मामा तर म्हणतो, अवकाशाची रंगीत चित्रं कॉम्प्युटरवर रंगवलेली असतात आणि परग्रहवासीयांची चित्रं म्हणजे निव्वळ थापा, त्यात कसलं विज्ञान? या दोन गोष्टी खरंच एकत्र येतात, की आपण मुलीला उगाच आशा लावतोय, असं ताईंनी विचारलंय.

एकत्र येतात. मी गेली २८ वर्षं पुण्यात हेच काम करते. शिक्षण चित्रकलेचं, त्याआधी बारावीपर्यंत सायन्स. विज्ञानाची पुस्तकं, प्रदर्शनं, शाळांसाठीचे तक्ते यांच्यासाठी खगोलशास्त्राची चित्रं आणि प्रतिकृती करते. मामांच्या शंकेत तथ्य आहे, तिच्याकडे मी नंतर येते. आधी ‘छंद म्हणून ठेव’ या वाक्याबद्दल, कारण ते मला मनापासून चुकीचं वाटतं.

१६०९ च्या जुलैत इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियट यांनी दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि कागदावर उतरवला. दुर्बिणीतून पाहून काढलेलं चंद्राचं हे आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं चित्र. हॅरियट उत्तम गणिती होते. त्यांच्या चित्रात उजेड आणि अंधार यांच्यामधली सीमा वेडीवाकडी आहे आणि काही भाग गिरवून काळसर केलेला आहे. ती रेघ वाकडी का, हे त्या चित्रातून कळत नाही. काही महिन्यांनी इटलीतल्या पाडुआत गॅलिलिओंनी तोच चंद्र पाहिला. त्यांची दुर्बीण जास्त ताकदीची होती, हे खरं. पण ते वाढले फ्लॉरेन्सच्या चित्रपरंपरेत, छायाप्रकाशाचा अभ्यास त्यांच्या हातात मुरलेला होता. त्यांनी तपकिरी शाईचे पातळ थर, म्हणजे वॉश, देत चंद्र रंगवला, आणि त्या सीमेच्या पलीकडे, अंधाऱ्या भागात, त्यांना उजेडाचे सुटे ठिपके दिसले. चित्रकाराच्या डोळ्याला त्याचा अर्थ लगेच लागतो: ती डोंगरांची टोकं आहेत, पायथ्याशी अजून रात्र आहे आणि माथ्यावर ऊन पोचलंय.

पुण्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढायला लागलं की आपल्या पायाखाली अजून बॅटरी लागते आणि वर गडावरच्या टॉवरला ऊन लागलेलं असतं. गॅलिलिओंनी तेच पाहिलं, चंद्रावर.

आणि ते तिथे थांबले नाहीत, हे तुमच्या मुलीला मुद्दाम सांगा, कारण पुढचं गणित तिच्या दहावीच्या भूमितीतलं आहे. उजेडाचा ठिपका सीमेपासून किती आत आहे, हे त्यांनी पाहिलं: चंद्राच्या व्यासाचा साधारण विसावा भाग. व्यास २००० मैल धरला तर त्रिज्या १००० मैल आणि ठिपक्याचं अंतर १०० मैल. सूर्यकिरण सीमेवर चंद्राला स्पर्श करून पुढे त्या टोकाला जातो, म्हणजे काटकोन त्रिकोण तयार झाला. हजाराचा वर्ग दहा लाख, शंभराचा वर्ग दहा हजार, बेरीज १०,१०,०००. तिचं वर्गमूळ, म्हणजे चंद्राच्या केंद्रापासून त्या टोकापर्यंतचं अंतर, १००४ पेक्षा जास्त, जवळजवळ १००५ येतं. त्रिज्येचे १००० वजा केले की डोंगराची उंची उरते, चार मैलांहून जास्त. पायथागोरसचं प्रमेय तर हॅरियटनाही येत होतंच. ते कुठे लावायचं, ती जागा वॉशने दाखवली. १६१० मध्ये गॅलिलिओंचं पुस्तक हाती आल्यावर हॅरियट यांच्या चित्रांतही खड्डे दिसायला लागले. आकाश तेच, माणूस तोच, नजर शिकली होती.

म्हणून मी म्हणते की चित्रकला ही निष्कर्ष निघाल्यावर वरून द्यायची सजावट नसते. हात चालू असताना डोळा जे प्रश्न विचारतो, ते नुसतं पाहताना विचारत नाही. माझे वर्गातले सर एका वाक्यात सगळं सांगायचे. आपण काही गिरवत असलो की मागून येऊन उभे राहायचे आणि बोट ठेवून विचारायचे, “ही सावली. हे कशावरून?” उत्तर देता आलं तर सावली राहायची, नाहीतर खोडरबर. आजही माझ्या टेबलावर हाच नियम आहे.

आता याची दुसरी बाजू, कारण हात फसवतोही. १८७७ मध्ये इटलीत स्कियापारेल्ली यांनी मंगळाचे नकाशे काढले आणि त्यात रेषा दाखवल्या. त्यांना ते ‘कनाली’ म्हणाले, म्हणजे नैसर्गिक खाचा, प्रवाहमार्ग. इंग्रजीत जाताना त्याचे खोदलेले कालवे झाले. मग अमेरिकेत पर्सिव्हल लोवेल यांनी स्वतःची वेधशाळा उभारून वर्षानुवर्षं मंगळ रेखाटला. सरळ कालव्यांचं जाळंच्या जाळं, आणि ते खोदणारी, पाण्यासाठी तडफडणारी संस्कृती. लोवेल खोटं बोलत नव्हते. हवेमुळे थरथरणाऱ्या बारीक बिंबावर काही डाग क्षणभर दिसतात आणि जातात. डोळा ते जोडतो, हाताला सरळ रेघ ओढायचा मोह होतो. रेघ एकदा कागदावर आली की दुसऱ्या रात्री तीच शोधली जाते.

१९६५ च्या जुलैत नासाचं मरिनर-४ यान मंगळाजवळून गेलं आणि २१ पूर्ण आणि एक अर्धवट चित्र पाठवून त्यानं खड्ड्याखड्ड्यांचा कोरडा पृष्ठभाग दाखवला. त्यातल्या पहिल्या चित्राची गोष्ट मी प्रत्येक कार्यशाळेत सांगते. एक चित्र म्हणजे २०० गुणिले २०० ठिपके, म्हणजे ४०,००० आकडे, आणि ते यायला कित्येक तास. कॉम्प्युटरवर चित्र तयार होईपर्यंत थांबायची त्या मोहिमेवरच्या इंजिनिअरांची तयारी नव्हती. त्यांनी आकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या शेजारी शेजारी भिंतीवर लावल्या, दुकानातून पेस्टल खडू आणले आणि कुठल्या आकड्याला कुठला रंग ते ठरवून हातानं रंगवत बसले. दुसऱ्या ग्रहाचं जवळून पाहिलेलं पहिलं रूप असं खडूनं उमटलं. ते चित्र चौकटीत घालून आजही जपलेलं आहे. आकड्यांचं रंगात रूपांतर करण्याचं जे काम आज सॉफ्टवेअर करतं, ते तिथे उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळतं, म्हणून मला ते फार प्रिय आहे.

यातूनच मामांच्या शंकेचं उत्तर निघतं.

गरुड तेजोमेघातल्या धुळीच्या खांबांचं हबल दुर्बिणीनं १९९५ मध्ये घेतलेलं चित्र तुम्ही पाहिलं असेल. त्याचा एक कोपरा जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला आहे, कारण कॅमेऱ्याच्या चार भागांपैकी एक भाग जास्त बारकाईनं पण कमी जागा टिपायचा. त्यात गंधकाचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवला आहे. प्रत्यक्षात हायड्रोजन आणि गंधक या दोघांचाही तिथला प्रकाश लालच असतो, एकमेकांच्या अगदी जवळचा. दोन्ही लाल ठेवले तर कुठला वायू कुठे आहे हे कळणारच नाही. म्हणून लांब तरंगलांबीला लाल, मधल्याला हिरवा, आखूडला निळा, असा क्रम राखून रंग दिले.

गाण्यातल्या माणसांना हे पटकन समजतं. काळी पाचमध्ये गायलेली बंदिश पांढरी चारमध्ये गायली तर प्रत्येक स्वराची जागा बदलते, पण स्वरांमधली अंतरं तीच राहतात, राग तोच राहतो. जेम्स वेब दुर्बीण बहुतांश काम अवरक्त प्रकाशात करते, जो आपल्या डोळ्याला दिसतच नाही. तिची चित्रं म्हणजे पट्टी बदलून गायलेला राग. आपल्या गळ्याच्या आवाक्यात आणलेला. क्रम मोडला, किंवा दोन वायूंचा फरक आवडीप्रमाणे वाढवून दाखवला, तर मात्र तो बेसूर आणि तिथे मामांची तक्रार शंभर टक्के योग्य.

आपल्याकडे तर याचं आणखी टोकाचं उदाहरण आहे. पुण्याहून नारायणगावकडे गेलं की खोडदला जीएमआरटी आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली. ही दुर्बीण फोटो काढत नाही. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात, प्रत्येक जोडी आकाशाच्या नक्षीचा एक तुकडा मोजते. पृथ्वी फिरते तशा जोड्यांच्या दिशा बदलतात आणि आणखी तुकडे मिळतात. तरी मध्ये रिकाम्या जागा राहतातच. त्या गणिती पद्धतीनं भरतात, पण कुठे थांबायचं, हा ठिपका खरा की पद्धतीमुळे आलेला, हे माणूस ठरवतो. २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र प्रसिद्ध झालं, तेव्हा त्या मोहिमेतल्या शास्त्रज्ञांनी मुद्दाम चार गट केले, एकमेकांशी न बोलता चित्र बनवलं आणि मग शेजारी शेजारी ठेवलं. चारही गटांना कडं दिसलं, तेव्हा विश्वास बसला. लोवेलना असे तीन शेजारी मिळाले असते तर कालवे त्यांच्या कागदावर फार दिवस टिकले नसते.

एवढं झाल्यावर हातात राहतो प्रत्येक ठिकाणचा एक आकडा. त्याला रंग कुठला, हे आमच्यासारखे ठरवतात. इंद्रधनुष्याची सातरंगी पट्टी मी वापरत नाही, कुणी आग्रह केला तरी नाही. त्यातला पिवळा एकदम उठतो आणि आकडे सावकाश बदलत असतानासुद्धा तिथे कडा असल्यासारखी दिसते. प्रेक्षक ती कडा घेऊन घरी जातो. काळ्यापासून उजळ होत जाणारी एका सुरातली पट्टी दिसायला साधी असते, पण ती नसलेलं काही सांगत नाही.

आता परग्रहावरच्या सृष्टीकडे येते, कारण तुमच्या मुलीचा जीव तिथे अडकलाय.

तिला ग्रेड परीक्षेतले पेपर आठवत असतील. स्थिरचित्रात समोर मांडलेला तांब्या आणि वांगी, दिसतं ते काढायचं. स्मरणचित्रात बाजार किंवा एसटी स्टँड, समोर नसलेलं पण पाहिलेलं. परग्रहाचं चित्र या दोन्हींत बसत नाही. ते कुणीच पाहिलेलं नसतं. तिथे फक्त मोजमापांवरून जावं लागतं.

ट्रॅपिस्ट-१ घ्या. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरचा, गुरूपेक्षा जरासाच मोठा, मंद तांबडा तारा. त्याभोवती पृथ्वीच्या जवळपास आकाराचे सात ग्रह असल्याचं २०१७ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत समुद्र, बर्फ, ढग असलेले सात सुंदर गोल छापून आले. शास्त्रज्ञांच्या हातात काय होतं? ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश जेमतेम एक टक्का कमी होतो, किंवा त्याहूनही कमी. त्या घटीवरून ग्रहाचा आकार, ती किती दिवसांनी येते त्यावरून वर्ष. तिथलं वर्ष दीड ते एकोणीस दिवसांचं आहे. समुद्र कुणाच्याच आकड्यात नव्हता.

मग चित्रकारानं हात बांधून बसायचं का? मी बसत नाही. पण कच्चं रेखाटन दोन पेन्सिलींनी करते. मोजमापावरून येणारी प्रत्येक रेघ काळी, मी धरून चाललेली प्रत्येक रेघ लाल. त्या ग्रहावर उभं राहून आकाश काढायचं तर तारा आपल्या सूर्यापेक्षा मोठा आणि तांबूस दिसेल, ही रेघ काळी. शेजारचे ग्रह इतके जवळ आहेत की काही वेळा आपल्या चंद्राहूनही मोठे दिसतील, तीही काळी, गणितानं येते. क्षितिजावरचं पाणी लाल. अशा मंद ताऱ्याच्या प्रकाशात वनस्पती असल्याच तर मिळेल तो सगळा प्रकाश शोषण्यासाठी त्या काळपट असू शकतील, असं काही जीवशास्त्रज्ञांनी मांडलं आहे. ती पानंही लालच, पण त्यामागे कारण आहे, मनात आलं म्हणून काढलेली नाहीत. कागद शास्त्रज्ञांसमोर ठेवला की बोलणं लाल रेघांवरच होतं. पुष्कळदा ते म्हणतात, “अरे, याचा आम्ही विचारच केला नव्हता. इथे सावली कुठल्या बाजूला पडेल?” आणि मग फळ्याकडे वळतात. या कामातला माझा सगळ्यात आवडता क्षण तो.

एकदा चूक झाली आणि ती मी विसरलेले नाही. एका मासिकासाठी निळा समुद्र असलेला परग्रह काढला होता. खाली समासात बारीक अक्षरांत ‘कल्पनाचित्र’ लिहिलं होतं. छपाईत समास कापला गेला. पुढे एका प्रदर्शनात ते पान लावलेलं होतं, आणि सहावीतला एक मुलगा माझ्याकडे आला, “मॅडम, हा फोटो कुठल्या यानानं काढला?” मी त्याला समजावलं, पण त्याचा चेहरा पडला. त्याला जे खरं वाटलं होतं ते मी काढून घेतलं होतं, आणि ते त्याला खरं वाटायला मीच कारण होते. तेव्हापासून तो शब्द मी चित्राच्या आत लिहिते, ढगाखाली किंवा खडकावर, कापता येणार नाही असा.

हल्ली तर ही काळजी जास्तच लागते. १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या हवेत वेब दुर्बिणीला २०२३ मध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सापडले. पृथ्वीवर मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांकडून तयार होणाऱ्या एका वायूच्या खुणाही असाव्यात, असा दावा २०२५ च्या एप्रिलमध्ये केंब्रिजच्या गटानं केला. पुष्कळ शास्त्रज्ञांना तो पटलेला नाही, वाद चालू आहे. पण बातमीसोबतच्या चित्रात निळाशार समुद्र आधीच भरून आला होता. वाद वाचणारे थोडे, चित्र पाहणारे सगळे.

रंगावरून जीवसृष्टी ओळखता येते का, याचं उत्तर मात्र आपल्या महाराष्ट्रातच पाहायला मिळतं. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले गेले आणि कारण निघालं खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव, हॅलोआर्किया. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले, हे जीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्यानं सबंध तळं रंगलं. नमुना स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. विचार करा, डोळ्याला न दिसणाऱ्या जीवांनी सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातल्या तळ्याचा रंग इतका बदलला की तो उपग्रहातून दिसला. आणि हे विवरही उल्कापातानं काळ्या बेसॉल्ट खडकात झालेलं, मंगळावरच्या विवरांशी तुलना करायला जगात फार थोड्या जागा आहेत त्यांतली ही एक.

त्या जूनमध्ये टाळेबंदीमुळे मला जाता आलं नाही. आधी दोनदा तिथे बसून जलरंगात काम केलं होतं, पाणी शेवाळी हिरवं असताना. काठावरचा पांढुरका क्षारांचा पट्टा, त्यापुढे काळा चिखल, मग हिरवं पाणी. तेव्हा मला ते केवळ रंग वाटले होते. आता त्या जुन्या चित्रांकडे पाहते तेव्हा प्रत्येक पट्टा म्हणजे कुणीतरी तिथे राहतंय असं दिसतं. १९९० च्या डिसेंबरमध्ये गॅलिलिओ नावाचं यान गुरूकडे जाताना पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा शास्त्रज्ञांनी हाच खेळ पृथ्वीशी खेळून पाहिला: इथे जीवसृष्टी आहे हे आपल्याला माहीतच नाही असं समजून नुसत्या मोजमापांवरून ओळखता येईल का? हवेत ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र सापडले, आणि लाल प्रकाश शोषून त्याच्या अगदी पलीकडचा अवरक्त प्रकाश परत फेकणारा एक पदार्थ जमिनीवर सगळीकडे पसरलेला सापडला. तो पदार्थ म्हणजे हिरवी पानं. श्रावणात ताम्हिणीत उभं राहिलं की आपल्याला जो हिरवा दिसतो, त्याच्या पलीकडे, आपल्या नजरेच्या हद्दीबाहेर, तीच पानं कितीतरी जास्त झळकत असतात.

कल्पना आणि पुरावा एकाच माणसात कसे नांदतात, हे पुण्यानं जवळून पाहिलंय. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली, आपली आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळवलं. परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांवर त्यांनी मराठीत मनापासून लिहिलं. तेच नारळीकर जीवसृष्टीची बीजं अवकाशातून येत असतील का, हा प्रश्न घेऊन प्रयोगात उतरले. २००५ मध्ये हैदराबादहून बलून सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रानं आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेनं त्यातले जीव वाढवून तपासले. जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, त्यांना खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, आर्यभट आणि इस्रो यांच्यावरून नावं दिली गेली. आणि ते जीव बाहेरून आले असं यातून सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगितलं गेलं. कथेत लाल पेन्सिल मोकळी सोडणारा माणूस प्रयोगात एकही लाल रेघ काळी म्हणून खपवत नव्हता. ते गेले त्या २०२५ च्या मे महिन्यात मला हे फार आठवत होतं.

परग्रहवासीयांना आपण काय पाठवलं, हे तर बरंचसं चित्रकलेचंच काम आहे. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एक संदेश पाठवला, १६७९ ठिपके, प्रत्येक एक तर ‘आहे’ किंवा ‘नाही’. १६७९ ला फक्त २३ आणि ७३ नं भाग जातो. म्हणजे ही ठिपक्यांची रांगोळीच, २३ ठिपक्यांच्या ७३ ओळी. तशा मांडल्या तर माणूस, सूर्यमाला, डीएनएची पिळवटलेली शिडी दिसते. उलट मांडल्या तर काहीच दिसत नाही. मुलीला ग्राफ कागदावर स्वतःची अशी रांगोळी करून मैत्रिणीला नुसती शून्यं आणि एक लिहून पाठवायला सांगा. आपण जे सहज समजेल असं धरून चालतो, त्यातलं किती समोरच्याला समजत नाही, ते एका दुपारी कळेल. १९७२ च्या पायोनिअर यानावरच्या पट्टीवर यानाची वाट दाखवायला बाण काढला होता. कलेचे इतिहासकार गोम्ब्रिक यांनी तेव्हाच विचारलं, ज्यांच्या पूर्वजांनी कधी धनुष्यबाणच वापरला नाही, त्यांना त्या टोकाची दिशा कशी कळणार? हा प्रश्न चित्राकडे रोज पाहणाऱ्यालाच सुचू शकतो.

१९७७ च्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत हा धडा घेतलेला दिसतो. त्यातल्या शंभराहून जास्त चित्रांतलं पहिलं चित्र आहे एक साधं वर्तुळ. तेच वर्तुळ तबकडीच्या आवरणावरही कोरलेलं आहे. उलगडताना वर्तुळाऐवजी अंडाकृती दिसली तर समजायचं की उंची-रुंदीचं प्रमाण चुकलं, दुरुस्त करा आणि मग पुढची चित्रं पाहा. ड्रॉइंगच्या पहिल्या वर्गात आपण हातानं वर्तुळ काढायला शिकतो, तेच. त्याच तबकडीवर ५५ भाषांतल्या नमस्कारांत मराठीही आहे, आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ ला गेल्या. व्हॉयेजर-१ त्याच्या अकराच दिवस आधी निघालं होतं. मैफल संपवायची भैरवी सूर्यमालेच्या बाहेर जाणाऱ्या यानावर ठेवली गेली, याचा विचार करताना आजही माझा हात काही क्षण थांबतो.

आता तुमच्या मुलीचं. अकरावीला सायन्स घेऊ दे, गणितासह, पण रेखाटन रोज चालू ठेवू दे. सुट्टीतला क्लास म्हणून नको, रोज अर्धा तास. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पुलंच्या नावाशी जोडलेल्या ‘पुलस्त्य’ इमारतीत. तिथे एकदा घेऊन जा. टिळक रोडला ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांची. त्यांच्यासोबत दुर्बिणीतून चंद्र पाहता आला तर वही-पेन्सिल सोबत असू दे, मोबाइल खिशात.

आणि दिवाळीत किल्ला करता ना? तो मोडायच्या आधी रात्री गच्चीवरचा दिवा बंद करा आणि बॅटरी जमिनीलगत आडवी धरा. बुरुजांच्या सावल्या लांब पडतील, माचीच्या मागे अंधार, टोकांवर उजेड. बॅटरी हळूहळू वर न्या, सावल्या आखडत जातील आणि किल्ला सपाट वाटू लागेल. पौर्णिमेला चंद्रावरचे डोंगर का दिसत नाहीत, ते समोर कळेल. १८७४ मध्ये निघालेल्या चंद्रावरच्या पुस्तकासाठी नॅस्मिथ नावाच्या इंजिनिअरनं प्लॅस्टरचे चंद्राचे डोंगर करून, त्यांच्यावर असाच तिरका उजेड टाकून फोटो काढले होते. त्याचे सुळके फार टोकदार होते. खरे डोंगर गोलसर आहेत, लांब सावलीनं त्याला फसवलं. मुलीचं चित्र झालं की तिलाही विचारा, टोक इतकं तीक्ष्ण कशावरून?

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला जीएमआरटी सर्वांना पाहता येते, मोठं प्रदर्शन असतं. गर्दी असते, सकाळी लवकर निघा. तिथे अँटेनासमोर बसून तिला ती काढू दे. बहुतेक मुलं स्टीलची भरीव थाळी काढतात. पण ती बारीक तारांची जाळी आहे. रेडिओ लहरी जाळीच्या छिद्रांपेक्षा खूप लांब असतात, त्यांना ती भरीव आरशासारखीच वाटते. वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी अँटेना हलकी आणि स्वस्त ठेवता आली. तिरक्या उन्हात नीट पाहिलं तर ताटलीतून पलीकडचं आकाश दिसतं. ते आकाश तिच्या चित्रात यायला हवं.